शुक्रवारची हजेरी

"सरळ उभी राहा गं, टोचेल नाहीतर," वहिनी म्हणाली आणि वन्संच्या गणवेशाच्या कोटाचा ढगळा भाग मागून चिमटीत धरून तिने पिन लावली. एक पुरली नाही, दुसरी लावावी लागली. आठ महिन्यांपूर्वी हाच कोट वन्संला इतका चापून बसायचा की जेवणानंतर ती गुपचूप एक बटण सोडून ठेवायची.

"मतच टाकायला जायचंय ना? साधे कपडे घालून गेलीस तर काय बिघडेल?"

"बिघडेल. आठ महिने लोक माझी विचारपूस करतायत. दिसू दे त्यांना, बाई उभी आहे अजून," वन्सं म्हणाली आणि आरशात बघून नुकत्याच उगवलेल्या बोटभर केसांवरून तिने हात फिरवला. "बघ, शाळेतल्या पोरासारखी दिसते की नाही?"

वहिनी हसली. हसावंच लागलं. आज सांगायचं असं तिने ठरवलं होतं. काल आणि परवाही तिने तेच ठरवलं होतं.

विमानतळावर या दोघींना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा धाकट्या नणंदेला चिडवायला म्हणून 'वन्सं, वन्सं' करायची, आणि नणंद तिला 'वहिनी'. नणंद तेव्हाच कंपनीत चेक-इन काउंटरवर होती. तिनेच भावजयीसाठी फॉर्म आणला आणि तिनेच तो भरला. टाचांचे बूट घालून स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालायला शिकवलं, आणि माणूस तोंडावर शिव्या देत असताना चेहरा कसा सरळ ठेवायचा तेही शिकवलं. पहिल्याच आठवड्यात तिने भर काउंटरवरून "वहिनी, अगं डबा विसरलीस!" अशी आरोळी ठोकली, आणि त्या दिवसापासून लोडरपासून कॅप्टनपर्यंत सगळ्यांची ती वहिनी झाली. बावीस वर्षं झाली त्याला. आता वहिनी विमानातल्या क्रूची प्रमुख होती आणि संघटनेच्या वाटाघाटी समितीवर निवडून आली होती. वन्संनेच तिच्यासाठी दारोदार फिरून मतं मागितली होती.

समितीवर जायला ते दिवस बरे नव्हते. मोठी कंपनी यांची छोटी कंपनी विकत घेणार, दोन्हींची एक होणार, ही बातमी वर्षभर हवेत होती. दोन कंपन्या एक झाल्या की एकेका कामाला दोन दोन माणसं होतात, आणि दोनांतलं एक कुणाला तरी नकोसं होतं. म्हणून विलीनीकरणाआधी करार करून घ्यायचा होता: तीन वर्षं कुणाला काढायचं नाही, जुनी नोकरी धरायची, दवाखान्याची सोय चालू ठेवायची. समितीचे पाच जण महिनाभर त्या बिनखिडकीच्या खोलीत बसले, भांडले, उठून गेले, परत आले. शेवटच्या मंगळवारी कंपनीने सगळं मान्य केलं आणि जाता जाता एक ओळ घातली. करार लागू होणार तो त्या आठवड्याच्या शुक्रवारी जे प्रत्यक्ष हजेरीपटावर असतील त्यांनाच. लांबच्या बिनपगारी रजेवर असलेले त्यात नाहीत.

असे किती जण? अकरा. वन्सं त्यातली एक.

वहिनी भांडली नाही असं नाही. भांडली. टेबलावर हात आपटला. पण अध्यक्ष, तीस वर्षं इंजिनांची कामं करून बहिरा होत आलेला मेकॅनिक, तिला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, "वहिनी, या ओळीवर अडलो तर उद्या ते उठून जातील. मग अकरा नाही, सहाशे जण रस्त्यावर. आणि एक सांगतो, राग मानू नका. तुमच्या घरात एक आहे हे कंपनीला माहीत आहे. या तीन दिवसांत त्यांतलं कुणी अचानक कामावर हजर झालं, तर बोट तुमच्याकडेच दाखवतील. गेल्या वेळी एकाने मेव्हण्याला आतली बातमी दिली आणि अख्खा करार फिसकटला, आठवतंय ना? तोंड शिवून ठेवा."

तिने मान डोलावली.

आणि बघा, नशीब कसं खेळ करतं. दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, वन्सं तपासणीहून आली ती नाचतच. डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलं होतं. तो कागद तिने ताटाशेजारी ठेवला आणि विचारलं, "वहिनी, काय करू? उद्याच जाऊन हजर होऊ, की महिना संपू देऊ?"

एक शब्द हवा होता, "उद्या जा." बस, एवढंच. गुरुवारी हजर, शुक्रवारी हजेरीपटावर, आणि सगळं सुरळीत. पण वहिनीच्या डोळ्यांपुढे अध्यक्ष आला, कंपनीचे ते टायवाले आले, आणि सगळ्यात मोठ्याने आले ते लोक. आधी स्वतःचं घर भरलं म्हणणारे लोक. बावीस वर्षांत जिने कुणाची एक सुट्टी ढापली नाही, तिला ते सहन होणार नव्हतं. ती भाजी वाढून घेत म्हणाली, "घाई काय आहे? संपू दे की महिना. जरा अंगावर मांस चढू दे."

दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, म्हणाला, "बरोबर बोलते ही. ऐक तिचं."

आणि वन्संने ऐकलं. ती कधीच उलट विचारत नसे.

त्या अकरा जणांना कळवायचं कुणी? संघटना म्हणाली कंपनीने, कंपनी म्हणाली संघटनेने. छापील करार आला त्यात ती ओळ अठराव्या पानावर होती. वन्संने तो चाळलासुद्धा नाही. "घरात समिती बसलीय, मी कशाला डोळे फोडून घेऊ?" म्हणाली आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

तर असा तो मतदानाचा दिवस. कर्मचाऱ्यांच्या बसमध्ये वन्सं खिडकीशी बसली. सोमवारी कामावर जायचं म्हणून खुशीत होती. कुठल्या काउंटरवर बसवतील, बॅगांचा पट्टा अजून तसाच अडकतो का, सगळं विचारत होती. वहिनीने दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा मागच्या सीटवरून एकाने विचारलं, "वहिनी, 'हो' वरच शिक्का मारायचा ना?" आणि ती म्हणाली, "हो, हो." दुसऱ्यांदा थांबाच आला.

मतदान कॅन्टीनमध्ये होतं. टेबलं भिंतीला सरकवली होती, ताटांच्या रॅकपाशी पुठ्ठ्याचा आडोसा केला होता, आणि दाराशी यादी घेऊन हवालदार बसला होता. हा हवालदार म्हणजे सामान चढवणारा एक लोडर, नुसत्या मिशांमुळे नाव पडलेला. वन्संला बघून तो खुर्चीतून उठलाच.

"अरे, आल्या आल्या! काय हो, आता सामानावर जास्तीचं वजन दाखवून छळायला परत येणार ना?"

"तुझ्या मिशांचं वजन आधी करणार," वन्सं म्हणाली. रांगेतले हसले. कुणी तिच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी डोळे पुसले. तिने ओळखपत्र पुढे केलं.

हवालदाराने पट्टी धरून यादीवरून बोट खाली आणलं. पान उलटलं. परत मागे गेला.

"नाव दिसत नाही, वन्सं."

"नीट बघ रे. चष्मा पूस."

"पुसलाय." त्याने आणखी एकदा पाहिलं. मतदारयादी हजेरीपटावरूनच काढली होती. त्या शुक्रवारच्या. ही गोष्ट वहिनीच्या ध्यानीमनीही नव्हती. करार सांगता सांगता दिवस गेले, पण यादी कशावरून छापतायत ते बघायचं तिला सुचलं नव्हतं.

वन्संने मागे वळून पाहिलं. चेहरा अजून हसरा होता. "वहिनी, बघ गं जरा. चुकून राहिलंय माझं."

वहिनीने तिच्या दंडाला धरून तिला ताटांच्या रॅकपाशी नेलं.

"चुकून नाही राहिलं."

"म्हणजे?"

"तीन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी जे कामावर हजर होते तेवढेच धरलेत. बिनपगारी रजेवरचे नाही धरले. तुम्ही अकरा जण आहात."

"म्हणजे मला मत नाही."

"मत नाही," वहिनी म्हणाली. "आणि करारही नाही. कंपन्या एक झाल्या की तुम्हा अकरा जणांना ते ठेवतीलच असं नाही. नाहीच ठेवणार. दवाखानाही बंद होईल."

दर तीन महिन्यांची तपासणी कंपनीच्या दवाखान्यात व्हायची. अजून दोन वर्षं व्हायची होती. ते वेगळं सांगायची गरज नव्हती.

वन्संने आरडाओरडा केला नाही. तिकीट हरवलेल्या प्रवाशाला विचारावं तशा आवाजात तिने विचारलं, "कुठला शुक्रवार म्हणालीस?" वहिनीने तारीख सांगितली. वन्संने अंगठ्याने बोटांची पेरं मोजली.

"त्याच्या आदल्या बुधवारी मी डॉक्टरांचा कागद आणला होता."

"हो."

"उद्या जाऊ का म्हणून विचारलं होतं मी तुला."

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. एवढं झाल्यावर वहिनीला तेही सुचलं, आणि तिची तिलाच किळस आली. "मंगळवारपासून माहीत होतं," ती म्हणाली. "मला शपथ घातली होती गं. बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. तू नेमकी तेव्हाच हजर झाली असतीस तर लोक म्हणाले असते..."

"काय म्हणाले असते?"

"आपल्या माणसाची सोय लावली म्हणून."

"बरं," वन्सं म्हणाली. "आता नाही म्हणणार."

तेवढ्यात साफसफाईतली एक नवी बाई कोटातल्या वन्संला बघून जवळ आली. "मॅडम, रांग कुठली? आणि काय काय लागतं?"

वन्संचा हात आपोआप वर झाला. "त्या खांबापासून सुरू होते. ओळखपत्र हातात ठेवा, पर्समध्ये नको, खोळंबा होतो." तिच्या मागे आणखी दोघं घोटाळत होते, त्यांनाही तिने खांब दाखवला. मग वहिनीकडे न बघता म्हणाली, "जा, टाकून ये तुझं मत. पर्स दे इकडे."

"मला नाही जमत."

"न जमायला काय झालं? तुझं नाव आहे ना? जा, मागे माणसं उभी आहेत."

वहिनी पुठ्ठ्यामागे गेली. आता कुणाला वाटेल, तिने चिडून 'नाही' वर शिक्का मारला असेल, निदान मतपत्रिका कोरी तरी टाकली असेल. नाही. तिने 'हो' वर मारला. सहाशे घरं होती, त्यातलं एक तिचंही होतं, आणि दोघींपैकी एकीची तरी नोकरी टिकायला हवी होती. विचार पक्का होता, तरी शिक्का मारताना तिला रडू फुटलं, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिने पदराऐवजी गळ्यातला गणवेशाचा रुमाल तोंडात धरला.

बाहेर आली तेव्हा वन्सं खांबाशी उभी होती. काखेत वहिनीची पर्स, आणि रांग अगदी सरळ लावलेली. हवालदार खाली मान घालून नावांवर खुणा करत होता. त्याला कळलं होतं. अध्यक्ष लांबून हे बघत होता, पण जवळ आला नाही.

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. निम्म्या वाटेत निरोप आला, करार मोठ्या मतांनी मंजूर. बसमध्ये टाळ्या पडल्या, पुढचे उठून वहिनीचे हात धरू लागले. "वाचवलंत हो वहिनी!" म्हणून एक म्हातारा चालक गहिवरला. वन्संने त्याला वाट द्यायला गुडघे आत घेतले आणि खिडकीबाहेर बघत राहिली. वहिनीला वाटत होतं हिने एकदा शिव्या घालाव्यात, सगळ्या बससमोर घालाव्यात. नाही घातल्या.

घरी दादा फाटक्या कॅलेंडरच्या पानावर रेडिओचे स्क्रू मांडून बसला होता. मान वर न करताच त्याने विचारलं, "काय, झालं का मतदान? वन्संबाईंनी गाजवलं की नाही मैदान?"

"वहिनीला विचार, दादा," वन्सं म्हणाली. "तिला सगळं आधीच माहीत असतं."

दादाने मान वर केली. एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. "काय गं? काय झालं?"

वहिनी दाराशीच उभी होती. तीन आठवडे सहाशे जणांना कलमा-कलमाने करार समजावून सांगणारी बाई, आणि तिला आता सुरुवात कुठून करावी ते समजेना.

वन्संने कोट काढायला खांदा हलवला आणि थांबली. ऑपरेशनपासून तिचा उजवा हात पाठीमागे जात नसे. डाव्याने दोनदा चाचपून पाहिलं. मग ती वळली आणि वहिनीकडे पाठ करून उभी राहिली.

"आधी या पिना काढ," ती म्हणाली. "माझा हात पोहोचत नाही."

वहिनीने पहिली पिन काढली, मग दुसरी काढली, आणि दोन्ही मुठीत धरून बुधवारपासून सांगायला सुरुवात केली.