मांजरीला दिलेलं माझं रक्त

मी कुत्रा बोलतोय. जनावरांच्या दवाखान्यात राहतो. रस्त्यावरून आणलं, अंगाने धिप्पाड निघालो, म्हणून ठेवून घेतलं. आजारी कुत्र्यांना रक्त देणं हे माझं काम. मानेवरचे केस भादरले की मी आपला आपण टेबलावर चढतो. मला कधी धरावं लागलं नाही.

लाल दिसलं म्हणून सगळ्यांचं रक्त एक नसतं. डॉक्टरीणबाई काचपट्टी बघताना बोलतात, ते मी टेबलाखाली पडून ऐकलेलं आहे. कोंबडीच्या रक्तातले कण लांबट, मधे ठिपका. बकरीचे अगदी बारीक. आम्हा कुत्र्यांचे गोल, मोठे. मांजरांचं रक्त हट्टी. दुसऱ्या गटाच्या मांजराचंही चालवून घेत नाही.

एकदा एक म्हातारा शिंपी आपली मांजर पिशवीत घालून घेऊन आला. आजारात तिचं रक्त आटलं होतं. हिरड्या पांढऱ्याफटक.

"जुळणारं मांजर आत्ता हाताशी नाही. आज याचं देते," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"कुत्र्याचं? उद्या भुंकायला लागली म्हणजे?"

"दुकान राखेल. पण काका, नीट ऐका. हे तीन-चार दिवस टिकेल, आणि एकदाच चालेल. तेवढ्यात मांजर शोधा. हिच्या विणीतलं कोणी आहे?"

"बोका आहे. माझ्या धाकट्या भावाकडे," शिंपी म्हणाला.

मी रक्त दिलं. संध्याकाळी मांजर उठून दूध प्यायली. शिंपी कंपाउंडरला म्हणाला, "दुकानाची वाटणी झाल्यापासून त्याची पायरी चढलो नाही. आता मांजरासाठी चढू?"

तो गेला नाही. चौथ्या दिवशी हिरड्या पुन्हा पांढऱ्या. मी सवयीने टेबलावर चढलो.

"उतर रे," बाई म्हणाल्या.

"त्याचंच चाललं की त्या दिवशी," शिंपी म्हणाला.

"तेव्हा तिच्या रक्ताने याला ओळखलं नव्हतं. आता हा परका आहे हे त्याला कळलंय. पुन्हा दिलं तर इथेच जाईल ती."

शिंपी माझ्याकडे बघत राहिला. मग चपला घालून निघाला.

थोड्या वेळाने दोघे भाऊ आले. बोका धाकट्याच्या काखेत.

"निरोप तरी धाडायचास. या मुक्या जिवाने तुझं काय घोडं मारलं होतं?" धाकटा म्हणाला.

बोक्याचे पाय थोरल्याने धरले, डोकं धाकट्याने. बाईंनी दोन्ही रक्तांचे थेंब काचेवर एकत्र केले, भिंगातून बघितलं आणि मान हलवली. जुळलं. मांजर वाचली.

आता वयाने माझं तोंड पांढरं झालंय. माझं रक्त घेत नाहीत. ती मांजर अजून सुई टोचून घ्यायला येते. तिच्या अंगात माझं काहीही उरलेलं नाही. ती मला बघून फिस्कारते, मी गुरगुरतो. त्यात कोणाचं चुकत नाही.

सांगायचं एवढंच. घरी धडधाकट जनावर असेल तर दवाखान्यात कळवून ठेवा. माझ्या जागी अजून कोणी आलेलं नाही.