वैद्यनाथन सरांच्या भाताचं माप

मी एक वाटीएवढं पितळी माप बोलतोय. माझा जन्म कुंभकोणमजवळच्या एका तांबटाच्या घरी झाला. मायावरमच्या वैद्यनाथन सरांच्या आईने मला घेतलं, त्याला साठ वर्षं झाली. तेव्हापासून मी या घरात तांदूळ मोजतोय. सर शाळेत गणित शिकवायचे. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात त्यांचा जन्म गेला.

दोन वर्षांपूर्वी नातीच्या कान टोचण्याच्या जेवणावरून उठताना सरांच्या छातीत कळ आली. तंजावरला नेऊन रक्तवाहिनीत जाळी बसवली. घरी परतले ते वैराग्य घेऊनच. तूप बंद, नारळ बंद, शेंगदाण्यांचा डबा शेजारी देऊन टाकला. ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "जीभ जिंकली मी."

जिंकली खरी. सकाळी आठ इडल्या. दुपारी आधी सांबार-भाताचा डोंगर, मग रसम-भाताचा, शेवटी ताक-भाताचा. संध्याकाळी बिनतेलाचे डोसे आणि तीन चमचे साखरेची कॉफी. कॉफीत तूप नसतं, याबद्दल सर अगदी निश्चिंत होते.

सहा महिन्यांनी रक्त तपासलं. डॉक्टर मलरविळी ही सरांचीच जुनी विद्यार्थिनी. रिपोर्ट बघून तिने विचारलं, "सर, काय काय खाता?"

"तूप खात नाही. नारळ खात नाही. वडे तर..."

"काय खात नाही, ते नाही विचारलं मी."

तेव्हा सरांच्या पत्नी अलमेलूअम्मांनी पिशवीतून मला काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"अशी चार मापं तांदूळ लागतात. रोज."

"घरात माणसं किती?"

"माझं वेगळं शिजतं. ही चार यांची."

डॉक्टरने मला उचलून आत डोकावून पाहिलं. "तेलतूप कमी केलंत ते ठीक, सर. पण ती जागा भाताने आणि साखरेने भरून काढलीत. रक्तातली साखर चढलीय, चरबीही चढलीय. अशाने दुसरी वाहिनी तुंबायला वेळ लागणार नाही."

"याच मापाने आईने वाढवलं मला," सर म्हणाले.

"तेव्हा तुम्ही सहा मैल चालत शाळेत जायचा. आता ओसरीपर्यंत जाता."

घरी आल्यावर सर चार दिवस अम्मांशी बोलले नाहीत.

आता सरांना दिवसाला एकच माप मिळतं. बाकीच्या ताटात डाळ, पालेभाजी, उसळ. संध्याकाळी ते कावेरीच्या घाटापर्यंत चालून येतात आणि ओसरीवर लोकांना सांगतात, "भाताचा मोह मला कधीच नव्हता." मी ऐकून घेतो. ताटावर बसले की मात्र अम्मांना टोमणा ठरलेला, "चिमणीला वाढतेस की माणसाला?"

सर, एक विनंती आहे. चिडायचं तर माझ्यावर चिडा. तो रिपोर्ट तुम्ही न उघडताच पिशवीत टाकला होता, अम्मांनी तो वाचला होता. दवाखान्यात जाताना बसमध्ये तुम्हाला छान डुलकी लागली होती. मी त्यांच्या मांडीवर होतो. एका हाताने त्यांनी मला धरलं होतं, आणि दुसरा हात वाटभर तुमच्या छातीवर ठेवला होता.