वरून पाणी

शालन दमली होती. नुसती अंगानं नव्हे, बोलून बोलून दमली होती. "आत्याबाई, मान खाली. भांडं ओठाला लावा. छोटा घोट घ्या." सकाळपासून हेच तुणतुणं, आणि ऐकणारी कोण, तर सासू गोजराबाई! बसवनगुडीतल्या त्या दोन खोल्यांत पाणी प्यायचं ते वरून, मान मागं टाकून, धार घशात सोडून. उष्टं भांडं सासूबाईंना खपत नसे. लग्न होऊन आली त्याच दिवशी तहानेल्या शालननं तांब्याला तोंड लावलं, तर त्यांनी चारचौघांदेखत तो चिंचेनं घासून निखाऱ्यांवर धरला होता. वर म्हणाल्या, "बेळगावकडं हेच शिकवतात वाटतं?"

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात गोजराबाईंच्या गळ्यावरची मोठी गाठ काढली. गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. एवढी खणखणीत बाई, पण नुसता फुसफुसाट उरला. पाण्याचा घोट घेतला की असा ठसका लागायचा, की डोळे पांढरे व्हायचे. डॉक्टरांनी मुलाला, विश्वेश्वरला, समजावलं, "गळ्यातली एक नस दुखावलीय. गिळताना श्वासनळीचं कवाड मिटतं ना, त्याची एक फळी हलतच नाही. पातळ पाणी त्या फटीतून थेट फुप्फुसात उतरतं. घट्ट अंबील द्या. पाणी प्यायचं तर हनुवटी छातीला टेकवून, घोट घोट. मान मागं टाकलीत तर वाट उघडीच."

विश्वेश्वरनं ते सगळं बायकोला सांगितलं आणि कारखान्याची बस गाठली. झालं! पुढचं शालननं निस्तरायचं. नाचणीची अंबील ढवळा, चमच्यानं भरवा, ठसका लागला की पाठ चोळा. गोजराबाई अंबील मुकाट घ्यायच्या, पण शालनची पाठ वळली की तांब्या वर जायचाच. शेवटी ताप चढला, छाती घरघरली. कशाबशा वाचल्या. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असं झालं, तर माझ्या हातात काही नाही."

ताप उतरून दोनच दिवस झाले होते. शालन दुपारी धुणं वाळत घालून आत आली, तर गोजराबाईंच्या हातात तांब्या, आणि मान मागं कललेली.

शालन ओरडली नाही. ओरडायला जीव कुठं होता!

"प्या," ती म्हणाली. "वरूनच प्या. माझ्यानं आता सांगवत नाही हो."

ती भिंतीला टेकून खालीच बसली. घसा सुकला होता. समोरच्या फुलपात्राला तिनं तोंड लावलं आणि अर्धं पाणी घटाघटा प्यायली. सासूच्या डोळ्यांदेखत!

"धरा हेही निखाऱ्यांवर," म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

गोजराबाईंचा हात तसाच राहिला. मग तांब्या हळूच खाली आला. त्या सरकत सरकत पुढं आल्या आणि ते अर्धं राहिलेलं फुलपात्र उचललं. आता हे मोरीत जाणार, शालनला वाटलं.

गोजराबाईंनी हनुवटी छातीला टेकवली. फुलपात्राचा काठ ओठाला लावला. एक घोट. दोघी श्वास धरून बसल्या. ठसका लागला नाही. आणखी एक घोट.

"त्या दिवशी," गोजराबाई फुसफुसल्या, "तुला फार तहान लागली होती, नाही का गं?"

"लागली होती," शालननं डोळे पुसले. "आता बोलू नका. आधी गिळा."