डाव्या टाकीवरची तोटी

भोकाची कड चकचकीत होती. काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विमानाच्या पंखाला नाक लावलं. वर्षानुवर्षं तळ्याच्या गाळात पडलेल्या ॲल्युमिनियमवर पांढरी, खरखरीत भुकटी चढते. ती साऱ्या पत्र्यावर होती. भोकांच्या कडांनाच तेवढी नव्हती. शिवाय सगळी भोकं एका मापाची, गोल. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला फसवायचं, तर निदान मिठाच्या पाण्याचा बोळा तरी फिरवायचा!

"शत्रूच्या गोळ्या," मागून पुतण्या म्हणाला. उद्घाटनासाठी राखलेला आवाज त्याने आत्ताच काढला होता. "काकांनी छातीवर झेलल्या."

"पंखावर," काकू म्हणाल्या.

काका लढाईवरून परतताना विमानासकट तळ्यात पडले, तेव्हा हा रांगत होता. त्यांचा देह तेव्हाच काठाला लागला. विमान रुतून बसलं. पुढे वीराचा पुतण्या एवढ्याच कर्तबगारीवर हा हारतुरे घेत संग्रहालयाचा अध्यक्ष झाला. गेल्या महिन्यात विमान वर काढल्यापासून तो काकूंच्या मागे लागला होता: पाटीवर काकांचं नाव हवं, आणि त्याला काकूंची परवानगी हवी. काकू दरवेळी म्हणत, "बघू."

आता त्या शिडीवरून कॉकपिटमध्ये डोकावल्या. इंधनाची तोटी डाव्या टाकीकडे वळलेली होती. त्या टाकीत पेट्रोलचा थेंब सापडला नव्हता. उजव्या टाकीतून तर बादल्या भरून पेट्रोल निघालं होतं. "अजून वास येतो, काकू!" असं पुतण्यानेच कौतुकाने सांगितलं होतं. वास नाकापर्यंत पोचला होता, त्याच्या वर काही गेला नव्हता.

घरी गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या होत्या. एक संपली की तोटी दुसरीकडे फिरवायची. नवरा हमखास विसरायचा. मग अंगभर साबण, डोळे घट्ट मिटलेले आणि न्हाणीघरातून हाक, "अगं, पाणी गेलं!" काकू बडबडत शिडी चढायच्या.

तळ्यावर शिडी चढायला कोणी नव्हतं.

काकू खाली उतरल्या. "पेट्रोल होतं. त्यांनी टाकी बदलली नाही, म्हणून इंजिन बंद पडलं. ही भोकं कोणी पाडली?"

पुतण्याने दाराकडे पाहिलं. "काकू, हळू बोला. लोक येणार, त्यांना काहीतरी दिसायला नको? नुसती तोटी बघायला कोण येतंय?"

"म्हणून मेलेल्या माणसाला गोळ्या घातल्यास?"

"घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे!"

"घराण्याची अब्रू इतकी पातळ असेल, तर तिला ड्रिल लावू नये."

"मग नावाचं काय? आज तरी सांगा."

काकूंनी चष्मा नाकावर घेतला. एकदा वर कॉकपिटकडे पाहिलं.

"नाव लाव. भोकं आधी बुजव. आणि नावाखाली लिही: तोटी फिरवायला विसरले."