बारापट झूम आणि पडलेला दात

किइची मोमोसे यांना भिंगातलं काही शिकवायला जावं असा माणूस अख्ख्या ओकाया गावात नव्हता. चाळीस वर्षं त्यांनी सुवा तळ्याकाठच्या कारखान्यात कॅमेऱ्याची भिंगं घासली होती. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी समोरच्याच्या नाकावर चष्मा असला की त्यांना आधी काचेवरचा ओरखडा दिसायचा आणि मग माणूस. आणि एवढ्या या पंडिताच्या घरात स्वतःचा म्हणून एक कॅमेरा नव्हता. आता बोला! कुणी विचारलंच तर म्हणायचे, "हलवाई कधी आपल्याच दुकानातली जिलबी खातो का?"

पण यंदाच्या सप्टेंबरात जिलबी खायची वेळ आलीच. त्यांची लेक सायोको सातव्या महिन्यात होती आणि डॉक्टरांनी तिला मात्सुमोतोच्या इस्पितळात आडवं करून ठेवलं होतं. उठायचं नाही, चालायचं नाही, बाळंत होईपर्यंत पलंग सोडायचा नाही. तापाची साथ होती म्हणून लहान मुलांना वरच्या मजल्यावर येऊ देत नव्हते. जावई बदलीवर पार क्युशूला. म्हणजे सहा वर्षांची चिहाया आली आजोबांच्या पदरात. आजोबांचा फोन नुसता बोलायचा, त्यातून फोटोबिटो काही जात नसे.

सायोकोनं एकच मागणं केलं होतं. "बाबा, तिचा वरचा दात पडलाय ना? मला तिचा हसतानाचा फोटो हवा. एकच. फोनवर हल्ली नुसती 'हो' आणि 'नाही' करते हो ती. माझी पोर अशी नव्हती."

आणि ते खरंच होतं. आई इस्पितळात गेल्यापासून चिहाया ओठ मिटून बसली होती. दात दाखव म्हटलं की तोंडावर हात. "आई आली की दाखवीन," एवढंच.

मोमोसे तडक स्टेशनाजवळच्या कारासावाबाईंच्या दुकानात गेले. बाईंचा नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती आणि दुकान बाईंनी एकटीनं चालवलं होतं, जिभेच्या जोरावर. त्यांनी काचेवर दोन कॅमेरे ठेवले.

"हे बघा मोमोसेसान. हा जाडजूड, बारापट झूमचा. लांबचं, पळतं, उडतं जे काही असेल ते हा ओढून आणतो. पण उजेड कमी झाला की रडतो. आणि हा बोटभर जाडीचा. याला लांबचं काही जमत नाही. पण घरातलं, अंधुक, हाताच्या अंतरावरचं, तिथे याच्यासारखा हाच. भिंग रुंद आहे, जवळ उभं राहिलं तरी सगळी माणसं मावतात."

"यातला चांगला कुठला?"

"काय काढायचंय त्यावर आहे."

"नातीचा फोटो काढायचाय."

"मग नातीला विचारा," बाई म्हणाल्या. "दोन्ही न्या. पंधरा दिवसांनी नको असलेला परत आणा. आणि एक सांगते, भिंगाकडे कमी बघा, पोरीकडे जास्त."

हे शेवटचं वाक्य मोमोसेंनी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. चाळीस वर्षं भिंगं घासलेल्या माणसाला दुकानदारीण शिकवणार!

मग त्यांनी घरात प्रयोगशाळाच मांडली. भिंतीला वर्तमानपत्राचं पान डकवलं आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी चार-चार फोटो काढून कोपऱ्यातली अक्षरं कुठली वाचता येतात ते बघितलं. सोयासॉसची बाटली सकाळी, दुपारी, दिवा लावून. तळ्यावरची बदकं शंभर पावलांवरून. झूमवाल्यानं बदकाच्या मानेवरचं पाणीसुद्धा दाखवलं, आणि बारक्यात बदक म्हणजे पाण्यावरचा ठिपका. दिव्याखाली मात्र उलटं झालं, बाटलीवरचं लेबल बारक्यानं स्वच्छ वाचलं आणि झूमवाल्यानं सगळा चिखल केला. मोमोसे सगळं वहीत उतरवून घेत होते.

बाटलीशेजारी चिहायालाही उभं करायचे. ती उभी राहायची, ओठ घट्ट मिटून.

"आजोबा, बाटली हसते का?"

"नाही."

"मग मी पण नाही."

पोर वाघिणीची होती, त्यात वाद नाही. बारक्याला जवळ जावं लागतं आणि जवळ गेलं की ही तोंड मिटते. मोमोसेंनी हिशेब बांधला, की शाळेच्या क्रीडादिनाला ही मैत्रिणींत असेल, पळेल, हसेलच. आपण दोरीबाहेर दूर उभं राहायचं आणि तिला पत्ता न लागू देता हसू टिपायचं. म्हणजे झूमवालाच. उन्हात मागचा पडदा दिसत नाही, म्हणून त्यांनी काळ्या पुठ्ठ्याची झापड कापून पडद्याभोवती बसवली. डोळा आत घातला की जग बंद, फक्त चित्र. स्वतःच्या हुशारीवर ते इतके खूश झाले की संध्याकाळी सायोकोला फोन करून सांगितलं, "रविवारचा फोटो तुझ्या हातात पडला असं समज."

रविवारी पहाटे पाचला मोमोसे शाळेच्या फाटकाशी रांगेत. सहाला फाटक उघडलं, आणि आयांबापांबरोबर निळी ताडपत्री घेऊन म्हातारासुद्धा धावला. पहिल्या रांगेतली जागा पटकावली. बारका कॅमेरा खिशात होता, तो केवळ उधारीची वस्तू घरी एकटी ठेवायला नको म्हणून.

चिहाया पळायला जाण्याआधी येऊन सांगून गेली, "लाल टोपी, तिसरी फेरी, दुसरा पट्टा. लक्षात ठेवा हं आजोबा."

"ठेवलं."

आणि खरोखर ठेवलं की हो! तिसरी फेरी उभी राहिली तसा मोमोसेंनी झापडीत डोळा घातला आणि झूम शेवटपर्यंत ओढला. दुसऱ्या पट्ट्यावर लाल टोपी, हनुवटीखाली इलॅस्टिक, कानापर्यंत कापलेले काळे केस. कॅमेरा नेमका जमला की पडद्यावर चेहऱ्याभोवती हिरवी चौकट येते. चौकट आली. शिट्टी झाली. चौकट हलली, मोमोसे हलले, चौकट सुटली, पुन्हा धरली. त्रेपन्न फोटो! चाळीस वर्षांत कारखान्यात एवढी एकाग्रता लागली नसेल. पोर तोंडभर हसत पळत होती. "मिळालं!" म्हणून म्हातारा ताडपत्रीवर बसला.

दुपारी डबा उघडला. भाताचे गोळे, गोड ऑम्लेट, आणि ऑक्टोपससारखे पाय फुटलेले सॉसेज, जे मोमोसेंनी तीन दिवस सराव करून कापले होते. चिहायानं एक तोंडात टाकला आणि कॅमेरा मांडीवर घेतला. पुढचा फोटो, पुढचा, त्याच्या पुढचा. तिचं चावणं थांबलं.

"ही रिओ आहे."

"कोण?"

"ओगुचींची रिओ. ती चौथ्या पट्ट्यावर होती ना, मग पहिल्या आणि तिसऱ्या पट्ट्यावरच्या आजारी म्हणून आल्या नाहीत. मी पहिल्यावर सरकले आणि ती दुसऱ्यावर. कर्ण्यावर सांगितलं की!"

मोमोसेंनी कर्णा ऐकला नव्हता. झापडीत डोळा घातल्यावर त्यांचे कानही बंद झाले होते. त्यांनी कॅमेरा हातात घेतला. पापण्या मोजून घ्याव्यात असा स्वच्छ फोटो, पण पापण्या शेजारच्यांच्या पोरीच्या. आणि पुढचे दोन्ही दात शाबूत. एवढा मोठा दात त्यांना दिसू नये? कसा दिसणार? त्रेपन्न फोटोंत त्यांनी एकदाही चेहरा बघितलाच नव्हता, बघितली होती हिरवी चौकट.

"मी पळताना तुम्हाला हात केला," चिहाया हळूच म्हणाली. "दोनदा."

मोमोसेंनी हातातला भाताचा गोळा परत डब्यात ठेवला. चिहाया रडली नाही, रागावलीसुद्धा नाही. तिनं फक्त विचारलं, "आता आईला काय देणार?"

"बघू," म्हातारा म्हणाला. बघण्यासारखं काय उरलं होतं, देव जाणे.

जेवणानंतर त्यांनी पहिल्या रांगेतली ती कष्टाची जागा सोडली, ताडपत्री गुंडाळली आणि मैदानाच्या पार टोकाला झाडाखाली जाऊन बसले. बूट काढले, झूमवाला पिशवीत कोंबला. आता वस्तू मागून आणायची शर्यत होती. मुलांनी पळत जायचं, जमिनीवरची चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत लिहिलेली वस्तू नाहीतर माणूस गर्दीतून शोधून ओढत आणायचा आणि शेवटची रेघ गाठायची. कुणाला 'छत्री' येते, कुणाला 'टक्कल असलेले गृहस्थ', आणि सगळं मैदान हसून लोटपोट होतं. मोमोसे मात्र मान खाली घालून आपल्या मोज्यांकडे बघत होते. सायोकोला फोनवर काय सांगायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.

म्हणून चिहाया सगळ्यांत आधी चिठ्ठीपाशी पोचली, हेही त्यांना दिसलं नाही. तिनं चिठ्ठी वाचली आणि वर बघितलं. दोरीला लागून पंधरा-वीस बाप कॅमेरे रोखून उभे होते. रिओचा बाप ओगुची पुढे झुकून ओरडला, "काय आलंय गं? कॅमेरा असलेलं माणूस? मी आहे की! धर हात, पहिली येशील!"

चिहायानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती त्याच्यापुढून गेली, त्याच्या शेजारच्याच्या पुढून गेली, सगळ्या कॅमेऱ्यांपुढून पळत गेली. "अगं, इकडे! कुठे चाललीस?" लोक ओरडत होते. ती मैदानाच्या टोकाला झाडाखाली येऊन थांबली तेव्हा बाकीची मुलं रेघेकडे वळलीसुद्धा होती.

"आजोबा, उठा! कॅमेरा घ्या!"

मोमोसेंचा हात पिशवीत गेला.

"तो नको, जड आहे! खिशातला!"

"अगं, बूट तरी—"

"बूट राहू दे!"

आणि अडुसष्ट वर्षांचा म्हातारा मोज्यांवर पळत सुटला. एका हातात नातीचा हात, दुसऱ्यात बोटभर जाडीचा कॅमेरा. उजव्या मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा बाहेर आला होता. सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. चिहायानं खाली बघितलं, तिला तो अंगठा दिसला आणि तिला हसू फुटलं, पळता येईना इतकं.

"आजोबा, काढा ना!"

"काय?"

"फोटो! आमचा दोघांचा!"

मोमोसेंनी हात लांब करून बटण दाबलं. पडदा तिकडे तोंड करून होता. चौकट हिरवी झाली की लाल, बघायला कोण बसलंय? ते चिहायाकडे बघत होते. बटण दाबत होते, पळत होते, धापा टाकत होते आणि तिच्याकडे बघत होते.

दोघं शेवटचे आले. मास्तरीणबाईंनी 'कॅमेरा असलेलं माणूस' ही चिठ्ठी वाचली, कॅमेरा बघितला आणि "बरोबर!" म्हणून झेंडा हलवला.

सोमवारी सकाळी कारासावाबाईंनी कार्ड यंत्रात घातलं आणि सात फोटोंतला एक पडद्यावर आणला. अर्धा पडदा मोमोसेंच्या कानानं अडवला होता, क्षितिज तिरकं, कडा हललेल्या. आणि मध्ये चिहाया, तोंड उघडं, डोळे मिटत आलेले, वरच्या ओळीत काळी खिडकी.

"हललाय," मोमोसे म्हणाले. त्यांना सवयच तशी.

"हललाय तर हललाय. झूमवाल्यानं या अंतरावरून नुसतं नाक आलं असतं," बाई म्हणाल्या. "मोठाच छापते. मग कुठला परत करताय?"

"झूमवाला."

"वाईट नाही हो तो."

"वाईट कोण म्हणतंय? ओगुचींना विचारा! पोरीचे त्रेपन्न फोटो मिळणार आहेत त्यांना. तेही छापा. त्यांच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात म्हणे सगळ्या टोप्याच आल्यात."

दुपारी ते मात्सुमोतोला गेले. सायोकोनं फोटो दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "बाबा, तुमचा कान केवढा मोठा आहे हो!" आणि हसता हसता रडायला लागली. तिनं फोटो पोटावर उभा केला. "बघ रे बाळा, ताई बघ तुझी. दात बघ."

संध्याकाळी शाळा सुटल्यावर सायोकोनं घरी फोन लावला. मोमोसे नुकतेच परतले होते. त्यांनी फोन उचलून चिहायाच्या कानाला लावला आणि आपलाही कान जवळ नेला.

"चिहाया, मिळाला गं फोटो. पण मला एक सांग, ओगुचींनी आजोबांना सांगितलं, तू तर सगळ्यांत पुढे होतीस. जवळ एवढे कॅमेरेवाले उभे होते. कुणाचाही हात धरला असतास तर पहिली आली असतीस."

"हो."

"मग का नाही धरलास?"

चिहायाला प्रश्नच वेडगळ वाटला. ती पूर्वीसारखी घडाघडा बोलायला लागली.

"अगं आई, असं काय करतेस! त्यांच्या कॅमेऱ्यातला फोटो तुझ्याकडे थोडाच आला असता?"