हललेला फोटो

माझ्या आईने आजवर जितक्या माणसांचे फोटो काढलेत, तितकी माणसं आमच्या अख्ख्या गोतावळ्यात नसतील. फक्त त्यात एकाचाही चेहरा दिसत नाही. फुप्फुसं दिसतात, मनगटं दिसतात, गुडघे दिसतात. आई हॉस्पिटलात एक्स-रे काढते. सत्तावीस वर्षं ती तळमजल्यावरच्या त्याच खोलीत, शिशाच्या त्याच पडद्यामागे उभी राहून, वीतभर काचेतून पलीकडे बघत तेच बोलत आलीय: हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे, श्वास घ्या, रोखा, हलू नका. मग बटण. मग, सोडा श्वास. तिथल्या नर्सेस तिला पाठीमागे हलूनकाबाई म्हणायच्या. आता तोंडावरही म्हणतात.

एक्कावन्नावं सरता सरता तिने कॅमेरा घेतला.

"दिवसभर काढतेस ते पुरत नाहीत का?" बाबांनी विचारलं.

"त्यातला एक तरी कुणी भिंतीवर लावलाय का?" आई म्हणाली. "डॉक्टर उजेडासमोर धरतात, 'हं' म्हणतात, की गेला पाकिटात. बरं, मला काही दिसलं तरी बोलायचं नाही. तोंडाला कुलूप. अहो, सत्तावीस वर्षांत माझा फोटो बघून कुणी खुद्कन हसलंय, असं एकदाही झालेलं नाही."

बाबांनी पेपर पुन्हा डोळ्यांसमोर धरला. उभा जन्म पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांशी वाद घातलेला माणूस, त्यांना गप्प बसवणं सोपं नाही.

ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी फोटोग्राफीचा वर्ग भरतो. आई तिथे जायला लागली. शिकवणारे सर माझ्याहूनही लहान. ते तिला काकू म्हणतात, ती त्यांना सर म्हणते, आणि दोघंही एकमेकांना भिऊन असतात. त्या चार महिन्यांत आई जी काही खुलली, ती मी फोनवरच बघितली. कारण माझ्या घरी तेव्हा तीन महिन्यांचं बाळ होतं आणि मी घराबाहेर पडत नव्हते. दुपारी बाळाला पाजताना एका हाताने फोन उघडावा, तर आईचे फोटो आलेले असायचे. दोरीवरच्या मोज्यांची भिंतीवर पडलेली सावली. अर्ध्या कापलेल्या लिंबाच्या आतल्या खोल्या. बादलीतल्या पाण्यात बाबांची उलटी टोपी. खाली लिहिलेलं असायचं, "बघ गं, आपल्याच घरात होतं हे!"

वस्तूंचं जमलं. घोडं अडलं ते माणसांवर.

वर्गाच्या शेवटी ग्रंथालयाच्या भिंतीवर फोटो लागणार होते. विषय एकच: माणूस. शिकणारे चौदा आणि भिंतीवर जागा दहा. आई हात धुवून माणसांच्या मागे लागली. शेजारच्या काकू ठेवणीतली साडी नेसून, कानात झुमके, गळ्यात हार घालून हजर झाल्या. आई म्हणाली, "कानातलं, गळ्यातलं सगळं काढून ठेवा." काकूंना वाटलं, कलेत असंच असेल. काढलं बिचाऱ्यांनी. घरी जाऊन आरशात बघितल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ही तर एक्स-रेची तऱ्हा, आणि मग आठ दिवस त्या आईशी बोलल्या नाहीत.

बाबांनी तर आधीच विचारून घेतलं, "उपाशीपोटी यायचं का?"

"फाजीलपणा करू नका. हनुवटी वर करा."

बाबांचे एकवीस फोटो निघाले. एकवीसही फोटोंत हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. बाबा म्हणाले, "छाती साफ आहे ना माझी? तेवढं सांग."

सरांनी दोनदा फोटो परत केले. पहिल्यांदा म्हणाले, "काकू, प्रकाश उत्तम आहे. पण ही माणसं श्वास घेत नाहीयेत." दुसऱ्यांदा विचारलं, "आणि प्रत्येक फोटोत कडेला ही काळपट पट्टी कसली?"

आई म्हणाली, "लेन्समध्ये दोष असेल." दुरुस्तीवाल्याला दाखवून आली. लेन्स ठणठणीत होती.

शेवटची तारीख शनिवार, संध्याकाळी सहा. त्या शनिवारी दुपारी आई ड्यूटीवरून थेट माझ्याकडे आली. पर्स खुर्चीवर टाकली, पण कॅमेरा गळ्यातच ठेवला.

"सर म्हणाले, काकू, अगदी चांगलाच हवा असं नाही, काहीतरी द्या, जागा करू. मला नको तसली जागा. दया म्हणून भिंतीवर लागायचं, त्यापेक्षा माझं पाकीट बरं." मग बाळाकडे वळून म्हणाली, "तुमचा काढू या का?"

आमची छकुली सात महिन्यांची. आजीकडे बघून तिने आपले दोन्ही दात दाखवले.

मी म्हटलं, "काढ. पण फक्त तिचा. मी मध्ये नको. कालपासून केसाला फणी लागलेली नाही, अंगावर तिचं ओकलेलं दूध आहे."

"बरं बाई. तू नुसती धर तिला."

मी नेहमी नुसती धरतच असते. छकुलीच्या सात महिन्यांच्या फोटोंत मी सगळीकडे आहे, पण कुठे एक हात, कुठे मांडी, कुठे ओढणीचं टोक. हे मी आईला बोलून दाखवलं नव्हतं. तक्रार करण्याएवढं ते मोठं नव्हतं, इतकंच.

मी छकुलीला घेऊन खिडकीशी सतरंजीवर बसले. आई म्हणाली, "हां, हलू नका." सात महिन्यांच्या पोरीला अहो-जाहो! छकुलीला तो आवाज फार आवडला. ती खिदळून पालथीच झाली. आई म्हणाली, "हलू नका हं." पुन्हा खिदळणं. तिला वाटलं, हा खेळच आहे: आजी हलू नका म्हणते आणि आपण हलायचं.

"अशीच कर तू," आई वैतागून म्हणाली, "आजोबा परवडले."

मी मान वर करून बघितलं, तर समोर आईच नव्हती. आवाज येत होता, पण खोलीत कुणी नाही. मग दिसलं. स्वयंपाकघराच्या दाराआड ती उभी होती. सगळं अंग पलीकडे, आणि चौकटीच्या कडेतून फक्त कॅमेऱ्याचं नाक बाहेर.

"आई, तू तिथे काय करतेयस?"

"फोटो काढतेय. दिसत नाही का?"

"पण दाराआडून?"

तिने कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. चौकटीकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं. मग आधी काढलेले फोटो एकेक करून उघडून पाहिले. बाबा. काळपट पट्टी. काकू. काळपट पट्टी. प्रत्येक वेळी बटण दाबायच्या आधी तिचे पाय तिला आपोआप आडोशाला घेऊन गेले होते, आणि दाराची कड फोटोत आली होती.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "म्हणजे मी त्या दुरुस्तीवाल्याशी उगाच भांडले."

मला हसू आवरेना. "आई, इथे किरणं नाहीत. ये की इकडे. काही होत नाही जवळ आलं तर."

ती आली. आधी दारात, मग सतरंजीच्या कडेवर, मग खालीच बसली, आमच्या गुडघ्याला गुडघा लावून. कॅमेरा मांडीवर ठेवून ती नुसतीच आमच्याकडे बघत राहिली. काचेशिवाय. बघता बघता तिचा हात माझ्या केसांकडे गेला आणि बट कानामागे न सारताच परत आला.

"किती दमलीयस गं," ती म्हणाली.

"हो. पण बरीय मी."

"तेही दिसतंय."

तेवढ्यात छकुलीने आजीच्या चष्म्यावर झडप घातली. मी तिला धरायला पुढे झाले, ती माझ्या हातातून निसटली, मी हसत सुटले, आणि खट्कन आवाज झाला. कुणी हनुवटी वर म्हणालं नाही, कुणी श्वास रोखा म्हणालं नाही.

आईने मागच्या पडद्यावर बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "हलला."

तिच्या खोलीत हललेला फोटो म्हणजे नाचक्की. पेशंटला परत उभं करायचं, परत किरणं द्यायची. अख्ख्या हॉस्पिटलात सगळ्यात कमी फोटो परत काढावे लागतात ते आईला, आणि तिला त्याचा अभिमान आहे. तिचा अंगठा पुसायच्या बटणावर गेलासुद्धा.

"दाखव तरी आधी!"

छकुलीचा हात म्हणजे नुसता एक पांढरा फराटा, थेट आपल्या डोळ्यात येणारा. तिचे दोन दात मात्र लख्ख. आणि तिच्या मागे मी. डोळे मिटलेले, तोंड उघडं, केसांचं घरटं, खांद्यावर दुधाचा डाग. सात महिन्यांत पहिल्यांदाच अख्खी.

मी पडद्यावर आणखी वाकले, तशी आईने विचारलं, "काय गं? वाईट आलीस म्हणून का?"

"नाही," मी म्हटलं. "मी आहे ह्यात."

आईने पुन्हा बघितलं. ह्या वेळी फोटोकडे नाही, माझ्याकडे. मग परत फोटोकडे. साडेपाचला उठली, तेव्हा तिच्याकडे दोन होते: बाबांचा एकविसावा, कडेची पट्टी सोडली तर काचेसारखा स्वच्छ, आणि आमचा.

"कुठला देणार?"

"सरांनी ओळखायला पाहिजे, मी कुठला देणार ते," असं काहीतरी विचित्र बोलून ती चपला घालून निघाली. सहा वाजून दहा मिनिटांनी तिचा निरोप आला. तीनच शब्द: "तुमचा दिला. लागला."

(छकुली कूस बदलतेय. ती उठायच्या आत उरलेलं सांगून टाकते.)

रविवारी आम्ही सगळे ग्रंथालयात गेलो. सातवी जागा आमची होती. फोटो चांगला मोठा केलेला, माझ्या खांद्यावरच्या डागासकट. भिंतीसमोर माणसं हळूहळू सरकत होती. आई कुठे दिसेना. मला कळलंच. ती हॉलच्या दाराआड उभी राहून, फटीतून लोकांचे चेहरे बघत होती.

बाबा आणि मी तिच्या शेजारी जाऊन उभे राहिलो. छकुली माझ्या कडेवर. एक चष्मेवाले गृहस्थ सातव्या फोटोपाशी थांबले, वाकले, म्हणाले, "हललाय," आणि पुढे गेले. आईने माझं मनगट घट्ट धरलं. पुढचे दोघं गप्पा मारतच निघून गेले, त्यांनी मान वर केली नाही. मग काखेत हेल्मेट धरलेली एक बाई आली. पाच जागांवरून ती घाईतच आली, सहाव्यावर तिने घड्याळ बघितलं. सातव्याला थांबली.

आधी तिने मान मागे घेतली, जणू तो पांढरा फराटा आता तिच्याच नाकाला लागणार. मग तिच्या नजरेत ते दोन दात आले. मग मागची मी. आणि ती बाई, हॉलमध्ये एकटीच उभी, खुद्कन हसली.

आई हलली नाही. तिची बोटं माझ्या मनगटावर तशीच होती, ओठ मिटलेले, आणि चक्क हनुवटी वर.

बाबा तिच्या कानाशी वाकले. "बाई," ते म्हणाले, "सोडा आता श्वास."