स्वेटरवरून घेतलेलं माप

माझ्या उजव्या बाहीत तीन वर्षं एक पत्र होतं. ते मला आलेलं नव्हतं, मास्तरांना आलं होतं. त्याला उत्तर द्यायचा धीर त्यांना झाला नाही आणि ते फाडून टाकायचाही झाला नाही, म्हणून त्यांनी ते घडी करून माझ्या बाहीत सारलं. इतकी वर्षं ते मी सांभाळलं, तेव्हा त्याची हकिगतही मीच सांगितलेली बरी.

मित्रांनो, मी एक जुना वेटसूट आहे. थंड पाण्यात खोल बुडी मारणारी माणसं अंगात चढवतात तो रबरी पोशाख. जुना म्हणतो खरा, पण पाण्यात मी मोजून तीनदा गेलो. बाकीचं आयुष्य खुंटीवर लटकून काढलं.

माझा जन्म तलावाकाठच्या एका लहान दुकानात झाला. पुढच्या खोलीत मास्तर मापं घ्यायचे आणि जाड, फुगीर रबराचे तक्ते कापायचे. मागच्या खोलीत त्यांची बहीण ते जोडून शिवायची. तिची साठी उलटली तरी मास्तर तिला 'धाकटी' म्हणत. मास्तर बुजरे आणि पुस्तकी. फळीवर रबर चिकटवायच्या सोल्यूशनच्या डब्यांपेक्षा पुस्तकंच जास्त. गिऱ्हाईक समोर आलं की ते आधी चष्मा पुसत, मग पुन्हा पुसत, आणि मग बोलत.

आमच्या जातीचं एक गुपित आहे. वेटसूट अंग कोरडं ठेवत नाही. थोडं पाणी आत येतंच. अंगाच्या उबेनं तो पाण्याचा पातळ थर कोमट होतो आणि रबर ती ऊब धरून ठेवतं. पण त्यासाठी सूट अंगाला दुसऱ्या कातडीसारखा चिकटून बसायला हवा. कंबरेच्या खोलगट भागात, काखेत, गळ्याशी कुठे पोकळी राहिली, तर हातपाय हलवताच कोमट पाणी बाहेर फेकलं जातं आणि गार पाणी आत शिरतं. मग शरीर बिचारं अख्खा तलाव तापवत बसतं! मास्तरांना हे सगळं तोंडपाठ होतं. तरीही चूक झाली, आणि ती मित्रांनो, एका अबोल्यापायी झाली.

त्या आठवड्यात भावाबहिणीचं भांडण झालं होतं. कारण रस्त्याकडची खिडकी. धाकटीला ती उघडी हवी होती, मास्तरांना वाऱ्यानं पुस्तकाची पानं उडतात म्हणून बंद. चार दिवस दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलली नव्हती. नेमक्या पाचव्या दिवशी शाळेच्या बाई आल्या. किडकिडीत अंगाच्या, अंगात जाडजूड लोकरी स्वेटर. त्या मुलांना विज्ञान शिकवायच्या. "तलावाच्या तळाशी काय आहे ते फळ्यावर काढून दाखवते, पण मी स्वतः कुठे पाहिलंय?" म्हणाल्या. "या वयात बुडी मारायला शिकलेय बघा."

बायकांची मापं एरवी धाकटी घ्यायची. हाक मारायचीच काय ती खोटी होती. मास्तरांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. 'आधी तिनं बोलावं' असं त्यांच्या मनात. बाईंना "स्वेटर काढा" म्हणायची त्यांना लाज वाटली. शेवटी त्यांनी दूर उभं राहून, मान वळवून, स्वेटरवरूनच टेप फिरवली. आकडे चिठ्ठीवर लिहिले, त्या मापानं तक्ते कापले आणि चिठ्ठीसकट न बोलता धाकटीपुढे ठेवले. धाकटीनं बाईंना दारातून पाहिलं होतं. आकडे वाचून तिच्या भुवया वर गेल्या. पण विचारायचं तर बोलावं लागलं असतं. तिनंही गुपचूप मशीन चालवली.

मी तयार झालो. बाईंनी मला चढवलं तर मी सदऱ्यासारखा अंगात गेलो. "किती मोकळा! जराही आवळत नाही," त्या खुश होऊन म्हणाल्या. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. खुर्चीत बसून मोकळा वाटतो तो सूट खोल पाण्यात फसवतो, हे मास्तरांना ठाऊक होतं. ते चष्मा पुसत राहिले.

पाण्यात काय झालं ते सांगायला मला जड जातं. खाली जाऊ तसा पाण्याच्या दाबानं मी दबून पातळ झालो, आणखी सैल झालो. बाईंच्या पाठीवरून गार पाण्याचे लोट वाहू लागले. त्यांचे दात वाजायला लागले, बोटं बधिर झाली. तिन्ही वेळा त्यांना अर्ध्यातून वर यावं लागलं. बोटीवर कुणीतरी हसून म्हणालं, "बाई, तुम्ही आपल्या वर्गातच बऱ्या!" बाईही हसल्या. पण मी त्यांच्या अंगावर होतो. हसणं कुठपर्यंत पोचलं आणि कुठे थांबलं, ते मला कळलं.

महिन्याभरानं त्यांनी मला धुऊन, वाळवून, पार्सलानं परत पाठवलं. सोबत पत्र. 'मास्तर, सूट छान आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. माझंच अंग या पाण्यासाठी नाही असं सगळे म्हणतात. तुम्ही इतक्या लोकांना पाहिलं आहे. मी पुन्हा प्रयत्न करावा का सोडून द्यावं? तुम्ही सांगाल ते मी मानीन.'

मास्तर उत्तर लिहायला बसले. 'आदरणीय बाई' लिहिलं, खोडलं. 'प्रिय बाई' लिहिलं, तेही खोडलं. सकाळ गेली. मग महिने गेले. जितका उशीर व्हायचा तितकी लाज वाढायची, आणि लाज वाढली की आणखी उशीर.

परवा दुपारी बोटींची दुरुस्ती करणारी एक मेकॅनिक आली. आवाज असा खणखणीत की फळीवरचे डबे वाजावेत. "काका, बोटीच्या पोटाखाली जाऊन पंखा बघायचा असतो मला. तो खुंटीवरचा दाखवा." पडद्याआड जाऊन तिनं मला चढवलं. "अहो, हा तर घरात घालायच्या कपड्यांपेक्षा ऐसपैस! हाच द्या."

धाकटी कागद घेऊन बांधायला पुढे झाली. मास्तरांनी चष्म्याकडे हात नेला आणि परत खाली आणला.

"हा नाही देणार," ते म्हणाले. "हा सैल आहे. माझी चूक आहे ती."

"आणि हे काय?" मेकॅनिक पडद्याबाहेर आली. तिच्या हातात उघडलेलं पत्र होतं. "बाहीत खुपत होतं."

धाकटीनं ते घेऊन वाचलं. मग पुन्हा वाचलं. "दादा, माप स्वेटरवरून घेतलंस?"

"हो."

"मला हाक मारायची होतीस! दोन मिनिटांचं काम."

"अबोला होता आपला."

"कशावरून?"

"खिडकीवरून."

धाकटी मटकन खुर्चीत बसली. "आकडे बघून मलाही शंका आली होती रे. माझीही जीभ झडली होती का?"

मेकॅनिक दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "काका, मावशी, तुमचं भांडण तुम्ही मिटवा. पण त्या बाईंना कुणी सांगितलंय का, की त्या चांगल्या होत्या आणि सूट वाईट होता?"

मास्तरांनी फळीवरून कोरा कागद ओढला.

मग धाकटीनं मेकॅनिकचं माप घेतलं, पातळ कपड्यांवरून. हात वर करायला लावले, उकिडवं बसवलं, छाती भरून श्वास घ्यायला लावला. "नवीन सूट चढवताना घाम फुटेल, दोन शिव्याही द्याल," ती म्हणाली. "द्या. पण आत श्वास मोकळा यायला हवा आणि कुठे फुगा राहता कामा नये." तेवढ्या वेळात मास्तरांनी पत्र लिहिलं. मायना न खोडता. मग ते मोठ्यानं वाचून दाखवलं: 'चूक तुमच्या अंगाची नव्हती. मी माप नीट घेतलं नाही आणि ते तीन वर्षं लपवलं. पुन्हा बुडी मारा. नवा सूट आम्ही शिवू, माप धाकटी घेईल.'

मित्रांनो, आता माझ्या कंबरेवर, काखेत, गळ्याशी खडूच्या रेघा आहेत. सूट कुठे सैल असू नये ते मास्तर गिऱ्हाइकांना माझ्यावर बोट ठेवून दाखवतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्यामुळे कुणी थंडीत कुडकुडलं असेल, तर तेवढं त्याला सांगा. उशीर झाला असला तरी सांगा. तुमच्याकडून कळेपर्यंत ते माणूस स्वतःलाच दोष देत राहतं.

पत्रपेटी दुकानासमोरच, रस्त्यापलीकडे आहे. पत्र टाकायला मास्तर गेले तेव्हा खिडकी उघडी होती, त्यामुळे मला सगळं दिसलं. मास्तर पाकीट अर्धं आत घालून तसेच उभे होते. एक सायकल गेली, एक हातगाडी गेली. त्यांची बोटं सुटेनात.

"दादा!" धाकटी खिडकीतून ओरडली. "सोड आता!"

आणि पेटीच्या तळाशी पाकीट पडल्याचा आवाज, मला वाटतं, मी इथवर ऐकला.